फील्डवर्कच्या आधी एकदा पाहुणे व्हा: चिंचवडगावच्या नदीकाठी

पीएचडीची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न नेहमी येतो: "आधी सगळं वाचून काढायचं की आधी जागा बघून यायची?" माझं उत्तर सरळ आहे. आधी जागा बघून या, पण पाहुण्यासारखी. प्रश्नावली नको, रेकॉर्डर नको. फक्त एक वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा: 'दिसलं', 'सांगितलं' आणि 'मला वाटलं'. हे तीन रकाने वेगळे ठेवले नाहीत तर काय होतं, ते मी माझ्याच चुकीवरून सांगतो.

जागा आहे चिंचवडगाव. पिंपरी-चिंचवड म्हटलं की आपल्याला कंपन्या, शिफ्टच्या बस आणि चाकणच्या दिशेने जाणारे कंटेनर आठवतात. ते चुकीचं नाही. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली आणि नगरपालिका १९७० मध्ये झाली. पण पवनेच्या काठावरचं जुनं गाव त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि ते एका दुपारी पायी बघून होतं.

सुरुवात चापेकर चौकातून करा. पुतळे बघा, कोण थांबतं आणि कोण न बघता पुढे जातं तेही बघा. हे 'दिसलं'. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे चापेकर बंधू चिंचवडचे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या. दामोदरांना १८ एप्रिल १८९८ ला फाशी झाली. ही माहिती 'सांगितलं'च्या रकान्यात जाईल, पण तिचा पाया भक्कम आहे. सरकारी आणि कोर्टाचे कागद आहेत, त्या काळची वर्तमानपत्रं आहेत, आणि दामोदरांनी तुरुंगात लिहिलेली स्वतःची हकीकतही आहे. एकमेकांच्या विरुद्ध बाजूला असलेले लोक एकच तारीख सांगतात, तेव्हा ती तारीख आपण बिनधास्त वापरू शकतो.

तिथून मंगलमूर्ती वाड्याकडे चला. मोरया गोसावींना मोरगावजवळ कऱ्हा नदीत मिळाली अशी परंपरा असलेली मंगलमूर्ती, आणि तिची पालखी भाद्रपदात आणि माघात मोरगावला जाते, हे तुम्हाला कुणीही सांगेल. वाड्याचा काही भाग नाना फडणीसांनी आणि काही हरिपंत फडक्यांनी बांधला, असं १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये म्हटलंय. इथे नवे विद्यार्थी घसरतात. गॅझेटिअर जाडजूड आणि सरकारी, म्हणून ते थेट पुरावा मानतात. पण त्यातली बरीच माहिती अधिकाऱ्यांनी स्थानिक लोकांकडूनच गोळा केलेली आहे. म्हणजे तेसुद्धा 'सांगितलं', फक्त इंग्रजीत आणि छापील.

आता खाली नदीकडे उतरा. मोरया गोसावींचं समाधी मंदिर पवनेच्या अगदी काठाला आहे. पावसाळ्यात पवना धरणातून विसर्ग वाढला की मंदिराच्या आवारात पाणी शिरतं. उन्हाळ्यात गेलात तर हे दिसणार नाही, म्हणून एकाच ऋतूत केलेल्या निरीक्षणावर फार भरवसा ठेवू नका.

मंदिरात एक मराठी शिलालेख आहे. त्याचा आशय असा: काम शके १५८०, विलंबी संवत्सर, कार्तिक शुद्ध द्वादशीला सुरू झालं आणि विकारी संवत्सरात आषाढ शुद्ध चतुर्थीला, सोमवारी पुरं झालं. म्हणजे १६५८ च्या अखेरीपासून १६५९ च्या पावसाळ्याच्या तोंडापर्यंत.

हे तपासायचं कसं? संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं असतं. २०१८ चा गुढीपाडवा शके १९४० चा होता आणि ते संवत्सर विलंबी होतं. १९४० मधून १५८० वजा करा: ३६०, म्हणजे बरोबर सहा चक्रं. नाव जुळलं. आता वार बघा. अफजलखानाचा वध शके १५८१, विकारी संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवारचा. तिथून पाच चांद्रमास आणि तीन तिथी मागे गेलं की साधारण १५० दिवस होतात. गुरुवारच्या १५० दिवस आधी सोमवार येतो. तिथी आणि दिवस तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, शेवटचं गणित पंचांगाच्या कोष्टकावरच करावं लागेल. पण शिलालेख स्वतःशी भांडत नाही, एवढं कागद-पेन्सिलने कळतं.

आता माझी चूक. मी प्रपोजलमध्ये लिहिलं होतं: 'मोरया गोसावींचा काळ सतराव्या शतकाचा मध्य.' खाली पुरावा म्हणून हाच शिलालेख दिला होता. माझ्या गाइड मॅडमनी त्या ओळीखाली रेघ मारली आणि एवढंच विचारलं, "हे शिलालेखात आहे की तुझ्या मनात?"

शिलालेख देवळाच्या बांधकामाचा आहे. समाधी आधीची आणि देऊळ नंतरचं, असं सहज असू शकतं. मोरया गोसावींचा काळ परंपरा आणि अभ्यासक मिळून चौदाव्या शतकापासून सतराव्यापर्यंत कुठेही नेतात. मार्गशीर्ष वद्य षष्ठी ही समाधीची तिथी दरवर्षी उत्सवात पाळली जाते, पण वर्षाबद्दल एकमत नाही. माझं पहिलं प्रकरण 'संस्थानाला आश्रय कुणी आणि का दिला' यावर उभं होतं. काळ शंभर वर्षांनी मागे गेला की आश्रय देणारी सत्ताच बदलते. 'मला वाटलं' मी 'दिसलं'च्या रकान्यात टाकलं होतं, आणि त्याची किंमत म्हणून अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

मग अशा जागेवर संशोधन होतच नाही का? होतं. लॉरेन्स प्रेस्टन यांचं चिंचवडच्या देव घराण्यावरचं पुस्तक १९८९ मध्ये केंब्रिजने छापलं. त्याचा भर घराणं, त्याची इनामं आणि राज्यसत्ता यांच्या नात्यावर आहे, आणि त्यासाठी कागद उपलब्ध आहेत. यातून घ्यायचं ते हे: ज्या प्रश्नाला पुरावा आहे, तो प्रश्न निवडा.

जाणार असाल तर दोनदा जा. एकदा संकष्टीला, एकदा साध्या वारी. गर्दीत वेगळं गाव दिसतं आणि शांततेत वेगळं. फोटो काढण्याआधी विचारा. दर्शनाला आलेली माणसं आपला 'सॅम्पल' नसतात. कुणी आपणहून बोललं तर ऐका आणि ते शब्द त्यांच्या नावाविना 'सांगितलं'मध्ये लिहा.

त्याच रात्री वही उघडा आणि तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे स्वतःलाच विचारा: हे तिथे होतं की माझ्या मनात? ज्या ओळीपाशी अडखळाल, ती खोडू नका. बहुतेक वेळा तुमचा संशोधनाचा प्रश्न तिथेच असतो.