इसार, ऑप्शन आणि कापसाची पट्टी

गेवराईत मी आयकराची विवरणपत्रं भरून देतो. पूर्वी हंगामात शिक्षक, आडते, जिनिंगवाले यायचे. आता पंचविशीतली पोरंही येतात, ब्रोकरकडचा वर्षाचा हिशेब मोबाइलवर उघडून. पानंच्या पानं सौदे आणि तळाला लाल आकडा. "काका, हे दाखवावंच लागतं का?" दाखवावं लागतं. ऑप्शनचा तोटा धंद्यातला धरतात. मुदतीत आयटीआर-3 भरलं तर तो पुढची 8 वर्षं नफ्यातून वळता करता येतो. पण नफा होईल तेव्हा ना!

ऑप्शन समजायला जमिनीचा इसार पुरतो. समजा, महामार्गालगतचा तुकडा 40 लाखांना ठरला आणि 3 महिन्यांच्या मुदतीनं तुम्ही 1 लाख इसार दिला. भाव 50 वर गेला तर चांदी. पडला तर इसार सोडायचा नि मोकळं व्हायचं. कॉल ऑप्शन म्हणजे हेच, इसाराच्या जागी प्रीमियम. पुट म्हणजे ठरल्या भावानं विकण्याचा हक्क. ज्याच्याकडे शेअर आहेत त्यानं पडझडीपासून विमा म्हणून पुट घ्यावा, हा त्याचा खरा उपयोग.

पोरं मात्र निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन घेतात. त्यांची मुदत मंगळवारी संपते आणि प्रीमियम रोज झिजतो. अंदाज बरोबर निघाला, पण बाजार दोन दिवस उशिरा हलला, तरी पैसे गेले. ऑप्शन विकणाऱ्याची जोखीम तर त्याहून मोठी: मिळकत प्रीमियमएवढीच, तोटा कितीही. सेबीनं 2021-22 ते 2023-24 चा हिशेब मांडला, तेव्हा वायदे-ऑप्शनमधल्या 100 पैकी 93 जणांना तोटा झालेला होता, एकूण 1.8 लाख कोटींहून जास्त.

मग पैसा ठेवायचा कुठं? आपल्या जिल्ह्यानं मल्टीस्टेटमध्ये अडकलेल्या ठेवी पाहिल्यात. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेतल्या किंवा मल्टीस्टेट पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. एक-दोन टक्के जादा व्याजासाठी हे विसरू नका. पेरणीचे, दवाखान्याचे, लग्नाचे पैसे बँकेत किंवा पोस्टात असू द्या. सात-आठ वर्षं लागणारच नाहीत असे पैसे इंडेक्स फंडात दरमहा घाला. तिथंही चढउतार असतात, पण मंगळवारची मुदत नसते.

आणि पोरांनो, बापाच्या कापसाची पट्टी किंवा पीककर्जाची रक्कम ट्रेडिंगच्या खात्यात वळवू नका.