आधी टायर, मग पिकअप

भाच्यानं पुण्याहून जुनी पोलो जीटी आणली. पाटी एमएच-14ची. गाडी कर्नाटकातल्या आमच्या मंठाळात पोचायच्या आधी गावातल्या पोरांचा सल्ला पोचला होता: रिमॅप कर, पिकअप डबल होतंय. "मामा, चाळीस हजार हायत हातात. पहिलं काय करू?" मी उकिडवा बसलो आणि टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचले. 2314. म्हणजे 2014 सालचा तेविसावा आठवडा. टायर गोटा झाला नव्हता, नक्षी चांगली दिसत होती. पण रबराला नख लावलं तर लाकडाला लावल्यासारखं. खोबणीत बारीक भेगा.

दोन दारांची खरीखुरी स्पोर्ट्स कार तूर-सोयाबीनच्या पैशात येत नाही. आपल्याकडच्या पोरांची स्पोर्ट्स कार म्हणजे ही पोलो. चाकणच्या कारखान्यातून निघालेली, 2022 मध्ये बंद झालेली, तरी जुन्या बाजारात भाव टिकवून असलेली. जीटी टीएसआय 2013 मध्ये आली. इंजिन जेमतेम 1.2 लिटरचं, पण टर्बोमुळे 105 अश्वशक्ती आणि 175 न्यूटन-मीटर टॉर्क. शून्यावरून शंभरला 9.7 सेकंद, असा कंपनीचा दावा. दार लावल्यावर येणारा तो भरीव आवाज ऐकूनच निम्मे लोक गाडी घेत असावेत.

रिमॅप म्हणजे इंजिनच्या संगणकातलं गणित बदलून टर्बोचा दाब वाढवायचा. फरक पडतो, खोटं कशाला सांगू. पण ह्या गाडीचा सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा, 250 न्यूटन-मीटरपर्यंतचाच. रिमॅपनं टॉर्क त्या मर्यादेकडे सरकतो, आणि जुन्या गाडीचा गिअरबॉक्स बसला तर चाळीस हजारांत काहीच भागत नाही. शिवाय मागं डिस्क नाही, ड्रम ब्रेक आहेत.

आता टायरचं बघा. अकराशे किलोंच्या आसपासची गाडी जमिनीला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. पिकअप, ब्रेक, वळण, सगळं तिथूनच. समजा ताशी 100 च्या वेगात दोन गाड्यांनी एकाच जागी ब्रेक दाबला आणि एकीच्या टायरची पकड पाव भागानं कमी आहे. चांगल्या टायरची गाडी जिथं थांबेल, तिथून दुसरी अजून 50 च्या वेगानं जात असेल. पाव पकड गेली तर निम्मा वेग शिल्लक! सस्तापूर बंगल्याला हैदराबाद हायवेवर चढल्यावर रात्री समोर दिवे नसलेली उसाची जोड-ट्रॉली आली, की हे गणित कागदावर राहत नाही.

कंपनीचं माप 185/60 आर15. आम्ही 195/60 घेतला. व्यास फक्त 12 मिलिमीटरनं वाढतो, म्हणून मीटर फारसा चुकत नाही, आणि खड्ड्यात रिमला थोडा आधार मिळतो. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा मी ऐकूनच घेतल्या नाहीत. आमच्याकडचे गतिरोधक ज्यानं पाहिलेत तो ते नावच काढणार नाही. चार टायर, अलाइनमेंट, पुढचे ब्रेकपॅड आणि नवं ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि तापल्यावर पेडल मऊ पडतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. एवढ्यात चाळीस हजार संपले. शिवाय पाटी बदलून इथली केए-56ची घ्यायची तर कर्नाटकचा रोड टॅक्स वेगळाच. गाडी घेताना तो कुणी धरत नाही.

भाचा आठ दिवस फुगून होता. मग पहिल्या पावसात बसवकल्याणला जाऊन आला आणि म्हणाला, "मामा, वळणावर गाडी आता ऐकतिया."

रिमॅप पुढच्या वर्षी बघू, गिअरबॉक्स तपासून. आणि तुम्ही टायर घ्यायला गेलात तर बसवायच्या आधी चारही टायरचे आकडे वाचा, ते बिलावर लिहून घ्या. दुकानदार तोंड वाकडं करील. करू द्या.