आधी माप, मग कात्री!

मुलांनो, नवा शर्ट शिवायला टाकलात की शिंपीकाका आधी काय उचलतात? कात्री? छे! आधी टेप. छाती, खांदा, बाही अशी मापं वहीत टिपतात. मग कापड बेततात आणि सगळ्यात शेवटी कात्री चालवतात.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचंही असंच असतं बरं का! काम नेमकं काय आहे, हे विचारून घेणं म्हणजे माप घेणं. याला म्हणतात गरजांचं विश्लेषण. कामाचे भाग पाडून ते एकमेकांशी कसे जोडायचे हे ठरवणं म्हणजे कापड बेतणं. याला म्हणतात सॉफ्टवेअरचं आर्किटेक्चर. प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिणं ही झाली कात्री.

आता, एकाच्या मापावर दुसऱ्याचा शर्ट शिवला तर काय होतं, त्याची ही खरीखुरी हकिकत ऐका.

४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधलं कुरू अवकाश केंद्र. युरोपीय देशांनी मिळून बांधलेला एरियान-५ हा नवाकोरा अग्निबाण पहिल्यांदाच झेपावत होता. त्याच्या पोटात पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचा अभ्यास करणारे चार उपग्रह होते. इंजिन पेटून जेमतेम चाळीस सेकंद होतात न होतात, तोच अग्निबाण एकाएकी वळला, मोडू लागला आणि त्याचा स्फोट झाला! त्यात माणसं नव्हती हे नशीब. पण शास्त्रज्ञांची कित्येक वर्षांची मेहनत क्षणात मातीमोल झाली.

चौकशी समितीला काय सापडलं? अग्निबाणाचा वेग आणि दिशा सांगणाऱ्या संगणकातला प्रोग्रॅम जुन्या एरियान-४ वरून उचललेला होता. तिथे तो उत्तम चालला होता. पण एरियान-५ चा आडवा वेग पाचपट झपाट्याने वाढत होता. त्या वेगाशी संबंधित एक आकडा ठेवायला जी जागा होती, तिच्यात ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावतच नव्हता. पाव लिटरच्या भांड्यात लिटरभर दूध ओतलं तर काय होईल? तेच झालं. संगणक बंद पडला. बंद पडताना त्याने पाठवलेला बिघाडाचा निरोप मुख्य संगणकाला वेग-दिशेची माहितीच वाटली आणि त्याने अग्निबाण भलतीकडे वळवला.

तुम्ही विचाराल, जोडीला दुसरा संगणक नव्हता का? होता की! पण त्यातही तोच प्रोग्रॅम. तो तर क्षणभर आधीच बंद पडला होता. ज्या गणितात आपण अडलो, त्याच गणितात अडलेल्या मित्राची वही पाहून काय उपयोग?

सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट पुढेच आहे. जे गणित चुकलं, त्याची एरियान-५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती! एरियान-४ ला होती, म्हणून ते तसंच चालू राहिलं. आणि नव्या अग्निबाणाचा मार्ग कसा असेल, हे त्या संगणकाच्या गरजांच्या यादीत लिहिलेलंच नव्हतं. म्हणजे कात्री धारदार होती, पण माप मात्र दुसऱ्याचं!

माप घ्यायला शिकायचं तर संगणकही लागत नाही. एक वही घ्या आणि शाळेच्या वाचनालयाच्या बाईंना भेटा. समजा, पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्रॅम करायचा आहे. पुस्तकं किती? एका वेळी किती न्यायची? एकाच नावाची दोन मुलं असली तर ओळखायची कशी? पुस्तक हरवलं तर? ऐन मधल्या सुट्टीत वीज गेली तर? उत्तरं लिहून काढा. मग कामाचे भाग पाडा : पुस्तकांची यादी, मुलांची यादी आणि देवघेवीची नोंद. तिन्ही वेगळ्या ठेवल्या, तर एखाद्या मुलाची तुकडी बदलली तरी पुस्तकांच्या यादीला हात लावावा लागत नाही. झाली की तुमची पहिली रचना तयार!

एरियान-५ चं पुढे काय झालं? दोष शोधून दुरुस्त केले गेले. २००० साली तसेच चार नवे उपग्रह रशियन अग्निबाणांतून अवकाशात गेले. आणि २५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब ही प्रचंड दुर्बीण अवकाशात नेली ती एरियान-५ नेच!

तेव्हा दोस्तांनो, 'हे कशासाठी? आणि असं झालं तर?' हे दोन प्रश्न विचारायला कधी लाजू नका. आणि आई-बाबा, मुलांनी ते विचारले तर कंटाळू नका हं!