रोमन आकडे – मुलांबरोबर आपणही शिकूया!

मैत्रिणींनो, तुमच्या घरी पाचवीत जाणारं मूल असेल, तर शाळा सुरू झाल्या झाल्या हा प्रश्न तुमच्यापुढे आलाच असेल. बालभारतीच्या पाचवीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलंच प्रकरण रोमन संख्याचिन्हांचं. मूल पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहतं, आपले हात कणकेत असतात, आणि पुस्तकात पाहावं तर ओळखीचा एक आकडा दिसेल तर शपथ! नुसत्या रेघा नि फुल्या. मग आपण काय म्हणतो? "बाबांना विचार जा." आणि बाबा म्हणतात, "उद्या बाईंना विचार."

कडेगावच्या बाजूला तर बाबाच घरी नसतात, अशी घरं पुष्कळ. सांगली जिल्ह्यातला कडेगाव, विटा-खानापूर, आटपाडी हा पट्टा गलाई व्यवसायासाठी देशभर ठाऊक आहे. जुनं सोनं-चांदी वितळवून, शुद्ध करून देण्याच्या या धंद्यापायी इथली माणसं पिढ्यानपिढ्या तामिळनाडू, केरळपासून थेट उत्तरेपर्यंत पांगली. पाऊस बेताचा, शेतीचा भरवसा नाही, म्हणून ती बाहेर पडली. कर्ता पुरुष कोईमतूरला नाहीतर मदुराईला, आणि शेत, सासूबाईंचं औषधपाणी, मुलांचा अभ्यास सगळं घरच्या बाईवर. अशाच एका घरात पाचवीतल्या पोराने आईला म्हटलेलं मी ऐकलं आहे, "ऱ्हाऊ दे मम्मी, तुला न्हाय कळायचं त्यातलं." आई दहावी झालेली, महिन्याचा सगळा हिशोब तोंडी करणारी! तिला ते लागलं. लागण्यासारखंच होतं.

खरं सांगू का, दोन दुपारींचं काम आहे हे. शिवाय हे आकडे काही फक्त मुलाच्या पुस्तकात नसतात, आपल्या कपाटातही असतात. त्याकडे पुढे येतेच. आधी धडा.

रोमन लिपीत आकड्यांसाठी वेगळी चिन्हं नाहीत, इंग्रजीची सात मोठी अक्षरं आहेत, बस्स. आय म्हणजे एक : नुसती उभी रेघ. दूधवाल्याच्या खाड्यासाठी आपण कॅलेंडरवर मारतो ना, तश्शी. व्ही म्हणजे पाच : आपला पंजा उघडा धरा, अंगठा आणि बाकीची बोटं यांच्यात जो कोन होतो तो व्ही. पंजा म्हटला की पाच, हे मुलं विसरत नाहीत. एक्स म्हणजे दहा : तिरपी फुली. नीट पाहा, एक व्ही सुलटा आणि त्याच्याखाली टोकाला टोक लावून एक उलटा, असे दोन पंजे म्हणजे दहा. एवढ्या तीन चिन्हांत एकोणचाळीसपर्यंत जाता येतं. उरलेली चार एकदा ओळखीची करून ठेवा. एल म्हणजे पन्नास, तो गवंड्याच्या गुण्यासारखा. सी म्हणजे शंभर, चंद्रकोर उजवीकडे तोंड करून उभी केलेली. डी म्हणजे पाचशे, दोरी डावीकडे असलेलं धनुष्य. आणि एम म्हणजे हजार, शेजारी शेजारी दोन डोंगर.

आता नियम. मोठ्या चिन्हाच्या उजवीकडे लहान चिन्ह आलं की मिळवायचं. व्ही-आय म्हणजे सहा, एक्स-आय-आय म्हणजे बारा. डावीकडे आलं की वजा करायचं. आय-व्ही चार, आय-एक्स नऊ. आय, एक्स, सी आणि एम ही चिन्हं ओळीने तीनदा लिहिता येतात, चौथ्यांदा नाही. व्ही, एल आणि डी दोनदासुद्धा येत नाहीत. आता दोन पाच म्हणजे दहाच की, मग एक्स असताना दोन व्ही कशाला लिहायचे?

वजाबाकीचा नियम ऐकला की मुलं गोंधळतात, आणि आपणही. पण बायांनो, आपण मराठी माणसं हे जन्मापासून करतो आहोत! एकोणीस म्हणजे काय? एक उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, सगळे तसलेच. आणि घड्याळात पावणेदहा वाजले म्हणतो तेव्हा दहाला पाव कमीच करतो ना? पुढचा मोठा आकडा धरून त्यातून थोडं काढायचं, ही आपली बोलायची रीतच आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला 'नाइन्टीन' म्हणताना यातलं काही जाणवत नाही. आपल्या मुलाला 'एकोणीस'ची फोड करून दाखवा आणि मग आय-एक्स दाखवा. चटकन उजेड पडतो.

पण याच ठिकाणी एक खड्डा आहे, तो आधीच दाखवून ठेवते. आपला एकोणपन्नास मनात धरून मूल आय-एल लिहितं : एक उणे पन्नास. आपल्या भाषेला धरून अगदी बरोबर, आणि पेपरात चूक! कारण आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी येऊ शकतो, एक्स फक्त एल आणि सीच्या आधी, आणि सी फक्त डी आणि एमच्या आधी. म्हणून मोठी संख्या आली की आधी फोडायची. एकोणपन्नास म्हणजे चाळीस आणि नऊ. चाळीसचे एक्स-एल, नऊचे आय-एक्स, मिळून एक्स-एल-आय-एक्स. नव्व्याण्णवचंही तसंच, नव्वद आणि नऊ : एक्स-सी-आय-एक्स. सन लिहायचं झालं तरी हीच युक्ती. महाराष्ट्र राज्य झालं ते साल १९६० घ्या. हजारचा एम, नऊशेचे सी-एम, पन्नासचा एल, दहाचा एक्स. एम-सी-एम-एल-एक्स, झालं.

सरावासाठी वहीच हवी असं नाही. देवापुढच्या जळक्या काड्या एका डबीत साठवा. आयला एक काडी, व्हीला दोन, एक्सलाही दोनच. पोळ्या लाटता लाटता मुलाला विचारा, एक ते वीसमध्ये सगळ्यांत जास्त काड्या कुठल्या आकड्याला लागतात? (अठराला, सात.) सी करायला वाढलेल्या प्लास्टिकच्या बांगडीचा तुकडा चालतो. काचेचा मात्र मुलांच्या हातात नको. डाळी-मसाल्याच्या डब्यांवर एक ते बारा रोमन आकडे चिकटवले तर आपलाही सराव होतो. "आठ नंबरचा डबा आण" म्हटलं की मूल शोधून आणतं, निदान तीळ मागितले तर जिरं तरी येत नाही.

मग भिंतीवरच्या घड्याळाकडे वळा. रोमन तबकडी असेल तर मूल पहिल्याच दिवशी तुम्हाला पकडेल : "आई, यात तर चारला चार रेघा आहेत! बाईंनी आय-व्ही सांगितलंय." दोघंही बरोबर आहेत. जुने रोमन लोक चारला चार रेघाही मारत असत आणि घड्याळवाल्यांनी ती रीत टिकवली. त्यात सोयही आहे. तबकडीवर आकड्यांचे पाय मध्याकडे असतात, त्यामुळे खालच्या बाजूला ते उलटे दिसतात आणि आय-व्ही नि व्ही-आय यांत घोटाळा होऊ शकतो. चार रेघा असल्या की तो प्रश्न मिटला. परीक्षेत मात्र आय-व्हीच लिहायचं, हे बजावून ठेवा.

लिहिण्याच्या बाबतीत एकच गोष्ट आग्रहाने सांगते. प्रत्येक चिन्हाला वर टोपी आणि खाली पाट, म्हणजे आडवी छोटी रेघ, द्यायची सवय लावा. नुसत्या दोन उभ्या रेघा काढल्या तर रोमन दोन आणि इंग्रजी अंकांतले अकरा एकसारखे दिसतात. हे मुलांच्या मार्कांपुरतं नाही. दवाखान्याच्या रिपोर्टांत ग्रेड आणि स्टेज पुष्कळदा रोमन आकड्यांत असतात. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत वारेची ग्रेड लिहितात ती शून्य ते तीन असते. दोनच्या दोन रेघा पाहून "अगं बाई, अकरावी ग्रेड!" म्हणून रात्रभर तळमळणारी सूनबाई कुणाच्याही घरी असू शकते. ग्रेडचा अर्थ डॉक्टरांनाच विचारायचा, पण निदान आकडा तरी आपला आपल्याला वाचता यावा की नको?

तीच गोष्ट जमिनीच्या कागदाची. सातबारा हा शब्द आपण रोज ऐकतो. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन नमुन्यांचा मिळून तो उतारा. इंग्रजी नियमांत आणि कागदांत हे नमुने रोमन आकड्यांनी येतात : व्ही-आय-आय आणि एक्स-आय-आय. सातमध्ये जमीन कुणाच्या नावावर, काय हक्क, काय बोजा, ते असतं. बारामध्ये पीक. फेरफाराची नोंदवही म्हणजे नमुना सहा, व्ही-आय. बघा, सहा आणि सात यांत फरक एका उभ्या रेघेचा! वकिलाने पुढे केलेल्या इंग्रजी कागदावर फेरफाराचा नमुना आहे की मालकीचा, हे ती रेघ सांगते. वारसाची नोंद करायची असो की सामाईकात नाव लावायचं असो, सही करण्याआधी एवढं पाहून घ्या.

आता एवढं सगळं वाचून मुलं विचारतात, की मग हे अवघड आकडे रोमन लोकांनी ठेवलेच कशाला? त्यांच्याकडे शून्य नव्हतं, आणि जागेप्रमाणे किंमत बदलण्याची आपली सोयही नव्हती. या आकड्यांत गुणाकार करून बघा, घाम फुटेल! हिशोब ते खडे-मण्यांच्या पाटीवर करीत आणि उत्तर तेवढं आकड्यांत लिहीत. भारतातले अंक अरबांच्या मार्फत युरोपात पोहोचले. १२०२ साली इटलीतल्या पिसा गावच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. तरी १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशोबाच्या वह्यांत हे नवे अंक वापरायला बंदी घातली होती! शून्याचा सहा किंवा नऊ सहज करता येतो, अशी भीती. आपण चेकवर अक्षरी रुपये लिहितो, त्यामागेही हीच काळजी.

सराफाचा विषय निघालाच आहे, तर कपाटाकडे येऊ. आपल्याकडे कितीतरी घरांत सासूबाईंच्या गाठोड्यात, लक्ष्मीपूजनाच्या डबीत जुने राजाछाप रुपये असतात. मोडायची वेळ आली की आपण डबी उचलून सराफाकडे जातो आणि तो म्हणेल तो भाव घेतो. जाण्याआधी भिंग घेऊन मुखवट्याच्या बाजूची इंग्रजी अक्षरं वाचा. नुसतं व्हिक्टोरिया असेल तर पुढे आकडा नसतो, ती राणीछाप. एडवर्डच्या नावापुढे व्ही-आय-आय, सातवा. जॉर्जच्या पुढे एकटा व्ही असेल तर पाचवा जॉर्ज. या तिन्ही रुपयांचं वजन जुना एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणजे एका रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. (आता सराफकट्ट्यावर तोळा दहा ग्रॅमचा धरतात, त्यात गल्लत नको.)

आणि जॉर्जच्या पुढे व्ही-आय असेल तर? तो सहावा जॉर्ज, आणि इथे नाणं उलटून साल पाहायलाच हवं. १९३८-३९ चे रुपये आधीच्याच कसाचे. पण महायुद्ध सुरू झालं, चांदीची टंचाई पडली आणि १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयांत चांदी निम्मीच, सुमारे ५.८३ ग्रॅम. वजन तेवढंच, आकार तोच, आवाजातला फरक कळायला कान तयार लागतो. १९४७ च्या रुपयात तर चांदीच नाही, तो निकेलचा. म्हणजे पाहा, व्हीच्या पुढची एक उभी रेघ आणि पाठीमागचं साल, एवढ्यावर एका रुपयाची चांदी निम्मी होते किंवा मुळीच नसते! गलाईवाल्या घरातल्या पुरुषांना हे कसोटीला न लावताही माहीत असतं. डबी मात्र बायकांच्या ताब्यात असते.

शिवाय एक सूचना. असे रुपये चिंचेने, राखेने किंवा पितांबरीने घासून लख्ख करू नका. जुन्या नाण्यांचे शौकीन घासलेल्या नाण्याला कमी भाव देतात. मऊ फडक्यात गुंडाळून ठेवा, आणि व्हीचे वेगळे, व्ही-आयचे वेगळे अशा दोन पुरचुंड्या करा. व्ही-आयच्या पुरचुंडीत सालाप्रमाणे पुन्हा निवड करायला पाचवीतल्या मुलालाच बसवा. धड्याचा सराव होईल, आणि डबीत नेमकं काय आहे तेही दोघांना कळेल.