प्रवेश सर्वांना, पदवी किती जणांना ?

ज्या महाविद्यालयाचे दार कोणासही बंद नाही, तेथे शिक्षणातील विषमतेचा प्रश्न उरू नये, असे प्रथमदर्शनी वाटते. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजे ही अशाच प्रकारची महाविद्यालये होत. शालेय शिक्षण पुरे केलेल्या व्यक्तीस, मग तिचे गुण व वय कितीही असो, तेथे सामान्यतः प्रवेश मिळतो. असे असूनही प्रवेश घेणाऱ्यांपैकी पदवीपर्यंत पोचणारे थोडे असतात. आणि कृष्णवर्णीय, स्पॅनिश भाषक कुळांतील व गरीब विद्यार्थ्यांत तर ते आणखी थोडे असतात, असा त्या देशाचा गेल्या पन्नास वर्षांहून अधिक काळाचा अनुभव आहे. ही तफावत का पडते आणि ती कमी करण्यासाठी योजलेल्या उपायांपैकी कोणते प्रत्यक्षात उपयोगी पडले, हे जाणून घेणे आपल्याकडील शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांना उद्बोधक वाटेल. पटनोंदणी आणि गळती या दोन शब्दांशी त्यांचा परिचय रोजचाच आहे.

दोन वर्षांचे महाविद्यालय

कम्युनिटी कॉलेज हे परिसरातील लोकांसाठी चालविलेले दोन वर्षांचे महाविद्यालय होय. येथे 'असोसिएट' ही पदवी मिळते. ती घेऊन विद्यार्थी विद्यापीठात तिसऱ्या वर्षासाठी जाऊ शकतो, किंवा परिचारिका, मोटारदुरुस्ती, हिशेबलेखन यांसारखा व्यवसाय धरू शकतो. इलिनॉय राज्यातील जॉलिएट येथे १९०१ साली सुरू झालेले महाविद्यालय या प्रकारच्या सार्वजनिक महाविद्यालयांत सर्वांत जुने मानले जाते. १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा महाविद्यालयांचे जाळे देशभर पसरावे, अशी शिफारस केली आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले. आज त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. एकट्या कॅलिफोर्निया राज्यात ती ११६ आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत या महाविद्यालयांचे विश्वस्त स्थानिक मतदार निवडून देतात आणि खर्चाचा काही भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. आपल्या जिल्हा परिषदांच्या शाळा डोळ्यांपुढे आणल्यास त्यांच्या कारभाराची थोडीफार कल्पना येईल.

विद्यार्थ्यांच्या विविधतेच्या दृष्टीने ही महाविद्यालये आरंभापासून संपन्न आहेत. ॲरिझोना राज्यात नावाहो या आदिवासी जमातीने १९६८ साली स्वतःचे महाविद्यालय स्थापन केले. आदिवासींनी स्वतः चालविलेले त्या देशातील ते पहिले महाविद्यालय. त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात मुख्यतः प्वेर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांसाठी होस्टोस कम्युनिटी कॉलेजची स्थापना झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. त्या निकालावर सर्वत्र फार मोठी चर्चा झाली. मात्र सर्वांना प्रवेश देणाऱ्या या महाविद्यालयांच्या प्रवेशपद्धतीत त्यामुळे काहीच बदलण्यासारखे नव्हते. त्यांची अडचण प्रवेशानंतर सुरू होते.

न्यू यॉर्कचा धडा

ही अडचण प्रथम ठळकपणे पुढे आली ती न्यू यॉर्क शहराच्या सिटी युनिव्हर्सिटीमध्ये. १९६९ च्या एप्रिल महिन्यात कृष्णवर्णीय व प्वेर्तो रिकन विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेजचा एक भाग ताब्यात घेऊन बंद पाडला. शहरातील शाळांत त्यांच्या समाजाची मुले मोठ्या संख्येने होती, महाविद्यालयात मात्र तुरळक, ही त्यांची तक्रार होती. पुढल्या वर्षीच, म्हणजे १९७० च्या शरदात, विद्यापीठाने शहरातील प्रत्येक शालेय पदवीधरास प्रवेश देण्याचे धोरण अमलात आणले. प्रथम वर्षाची विद्यार्थिसंख्या एकाच वर्षात सुमारे तीन चतुर्थांशांनी वाढली. शिक्षण त्या वेळी विनामूल्य होते. १९७६ साली शहराची तिजोरी रिकामी झाल्यावर शुल्क लागू झाले.

नव्याने आलेल्या या विद्यार्थ्यांचे इंग्रजी लेखन पाहून पुष्कळ प्राध्यापक हताश झाले. मिना शॉनेसी या प्राध्यापिकेने मात्र सुमारे ४,००० उत्तरपत्रिका काळजीपूर्वक तपासून १९७७ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. या चुका मंदबुद्धीच्या नसून नवशिक्याच्या आहेत, त्यांना स्वतःचा असा एक नियम आहे आणि तो ओळखल्यास त्या दूर करता येतात, असे त्यांनी दाखविले. प्रमाणभाषेहून वेगळी बोली घरी बोलणारी मुले ज्यांच्या वर्गात आहेत, त्या शिक्षकांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

उपचारात्मक वर्गांची साखळी

पुढील काळात बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत एक पद्धत रूढ झाली. प्रवेश घेताच विद्यार्थ्याची गणित व इंग्रजीची चाचणी घ्यावयाची आणि त्यात कमी पडल्यास त्यास आधी उपचारात्मक वर्गांत बसवावयाचे. हे वर्ग कधी एक, कधी दोन, कधी तीन पायऱ्यांचे असत. त्यांचे शुल्क भरावे लागे, पदवीच्या श्रेयांकात मात्र ते धरले जात नसत. हेतू चांगला होता. परंतु या साखळीचा हिशेब मांडून पाहावा. समजा, प्रत्येक पायरीवर १०० पैकी ७५ जण उत्तीर्ण झाले आणि उत्तीर्णांपैकी प्रत्येक पाचातील चार जणांनी पुढील वर्गात नाव घातले. आपल्या दृष्टीने हा निकाल वाईट नव्हे. तरीही पहिल्या पायरीनंतर ६०, दुसरीनंतर ३६ आणि तिसरीनंतर सुमारे २२ जणच महाविद्यालयीन गणिताच्या वर्गात पोचतात. त्यांतील उत्तीर्ण होणारे सोळा किंवा सतरा. कोणत्याही एका शिक्षकास दोष देता येत नाही, कारण प्रत्येकाचा निकाल पंचाहत्तर टक्के आहे. गळती दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत झालेली असते. कृष्णवर्णीय व स्पॅनिश भाषक कुळांतील विद्यार्थी या साखळीच्या खालच्या पायऱ्यांवर अधिक प्रमाणात टाकले जात असल्यामुळे तफावतही तेथेच रुंदावत असे.

२००४ साली पाच राज्यांतील काही महाविद्यालयांनी 'अचीव्हिंग द ड्रीम' या उपक्रमात भाग घेतला. विद्यार्थ्यांची माहिती वंश, लिंग व उत्पन्न यांनुसार गोळा करून कोठे कोण गळते ते शोधावयाचे आणि त्यावर उपाय योजावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. २०११ मध्ये २६ महाविद्यालयांविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. माहिती गोळा करण्याची सवय लागली होती, अनेक लहान लहान कार्यक्रमही सुरू झाले होते. परंतु एकंदर निकालांत फारसा फरक पडलेला नव्हता. बहुतेक कार्यक्रम थोड्याच विद्यार्थ्यांपर्यंत पोचत होते. तक्ते तयार करण्यातच ज्यांची पुष्कळशी नोकरी गेली, अशा माझ्यासारख्यास हा अहवाल वाचताना थोडे अवघडल्यासारखे झाले, हे कबूल केले पाहिजे.

अडचणींचा एकत्र विचार

यानंतर पुन्हा न्यू यॉर्ककडे वळावे लागते. २००७ साली सिटी युनिव्हर्सिटीने आपल्या कम्युनिटी कॉलेजांत 'एसॅप' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी योजना सुरू केली. तिच्यातील एकही गोष्ट नवीन नव्हती. विद्यार्थ्याने पूर्ण वेळ शिकावयाचे आणि उपचारात्मक वर्ग असल्यास ते आधी संपवावयाचे. त्याच्या मोबदल्यात इतर साहाय्य वजा जाता उरलेले शुल्क माफ, पाठ्यपुस्तकांसाठी मदत, बस व भुयारी रेल्वेचा महिन्याचा पास आणि एक ठरलेला सल्लागार. नेहमीच्या व्यवस्थेत एका सल्लागाराकडे ६०० ते १,५०० विद्यार्थी असत. येथे ६० ते ८० ठेवण्यात आले. त्यामुळे सल्लागार विद्यार्थ्यास नावाने ओळखी, तो गैरहजर राहिल्यास चौकशी करी. पास घेण्यासाठी विद्यार्थ्यास दरमहा सल्लागाराची भेट घ्यावी लागे. प्रवासाचा पास आणि सल्ला यांची ही सांगड मला फार मार्मिक वाटते. पासाअभावी शिक्षण कसे सुटते, हे एस. टी. च्या थांब्यावर उभ्या असलेल्या कोणाही मुलीस विचारावे.

योजनेचा परिणाम तपासण्यासाठी एम.डी.आर.सी. या संशोधन संस्थेने तीन महाविद्यालयांतील ८९६ अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थी निवडले. त्या सर्वांना एक किंवा दोन उपचारात्मक वर्गांची गरज होती आणि त्यांत स्पॅनिश भाषक व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले. एकास योजनेचा लाभ दिला, दुसरा नेहमीच्या पद्धतीने शिकला. तीन वर्षांनी नेहमीच्या गटातील २१.८ टक्के, तर योजनेतील ४०.१ टक्के विद्यार्थी पदवीधर झाले. विद्यार्थी तेच, शहर तेच, प्राध्यापकही बहुतांशी तेच. बदल झाला होता तो महाविद्यालयाच्या व्यवस्थेत.

खर्चाचा प्रश्न कोणाही जबाबदार अधिकाऱ्याच्या मनात येईलच. तीन वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्यामागे सुमारे १६,३०० डॉलर, म्हणजे नेहमीच्या खर्चाच्या साठ टक्क्यांच्या आसपास, अधिक लागले. परंतु पदवीधर झालेल्यांच्या संख्येने एकूण खर्चास भागले असता प्रत्येक पदवीमागील खर्च नेहमीपेक्षा कमी भरला. अर्ध्यावर सोडलेल्या शिक्षणावरही पैसा खर्च झालेलाच असतो. तो हिशेबात वेगळा दिसत नाही एवढेच. प्रवेशाचे आकडे आम्ही मंडळी मोठ्या उत्साहाने छापतो, त्याच वर्गाचा दोन वर्षांनंतरचा आकडा क्वचितच विचारतो. पुढे ओहायो राज्यातील तीन महाविद्यालयांनी हीच योजना आपल्याकडे राबविली. तेथे तीन वर्षांनी पदवीधरांचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेले. म्हणजे न्यू यॉर्कचे यश केवळ त्या शहराचे नव्हते.

अध्यापक कोण, हाही प्रश्न

विविधता केवळ विद्यार्थ्यांत असून भागत नाही, असे सुचविणारा एक अभ्यास कॅलिफोर्नियातील डी ॲन्झा कॉलेजमध्ये झाला व २०१४ साली प्रसिद्ध झाला. अल्पसंख्याक समाजांतील अध्यापक वर्गास शिकवीत असताना त्या समाजांतील विद्यार्थी व गोरे विद्यार्थी यांच्यातील गुणांची व वर्ग सोडण्याच्या प्रमाणातील तफावत २० ते ५० टक्क्यांनी कमी होते, असे त्यात आढळून आले. अध्यापकांची नेमणूक हा विषय सर्वत्रच नाजूक असतो. अभ्यासाचे आकडे मात्र स्पष्ट आहेत.

त्याच राज्याने उपचारात्मक साखळीचा प्रश्न कायद्याने हाताळला. २०१७ साली संमत झालेल्या व २०१९ च्या शरदापर्यंत पूर्णपणे अमलात आलेल्या कायद्यानुसार महाविद्यालयांनी एका चाचणीवर विसंबून न राहता विद्यार्थ्याची शालेय गुणपत्रिका पाहावयाची आणि शक्य तेथे त्यास सरळ महाविद्यालयीन वर्गात बसवून लागेल ती मदत त्याच वेळी द्यावयाची. पहिल्या वर्षात गणित व इंग्रजी उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या सर्वच समाजांत लक्षणीय वाढली. समाजासमाजांतील अंतर मात्र पुसले गेलेले नाही. थेट वर्गात बसलेल्या, पण मदतीचा तास न मिळालेल्या विद्यार्थ्यांचे काय, याविषयी तेथील अध्यापकांत अद्यापि मतभेद आहेत आणि ते मला निराधार वाटत नाहीत.

कामकरी विद्यार्थी

एक मोठी उणीव अद्याप तशीच आहे. न्यू यॉर्कच्या योजनेची पहिली अट पूर्ण वेळ शिकण्याची. आणि कम्युनिटी कॉलेजांतील बहुसंख्य विद्यार्थी अर्धवेळ शिकणारे. ज्याला दुकानात किंवा रुग्णालयात आठ तास उभे राहावे लागते, ज्या आईला मूल सांभाळावे लागते, त्यांना ही अट पेलत नाही. अशांसाठी वेळापत्रकच बदलावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत, ते नोकरी करणाऱ्यांची सोय पाहूनच. बोस्टन येथील बंकर हिल कम्युनिटी कॉलेजमध्ये २००९ साली दिवसाचे व संध्याकाळचे सर्व वर्ग भरून गेले, तेव्हा तेथील प्राध्यापकांनी रात्रपाळीच्या कामगारांना सोयीचे होतील असे वर्ग सुरू केले. ते रात्री पावणेबारा वाजता भरत आणि अडीच वाजता सुटत.