कॅसिनोत गेलात तर...

"गोव्याला निघालोय" असं कुणी म्हटलं की पूर्वी दोनच प्रश्न विचारले जायचे. मंगेशीला जाणार ना, आणि येताना काजू आणणार ना? हल्ली त्यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. "बोटीवर जाणार का?" ही बोट म्हणजे पणजीला मांडवीच्या पात्रात नांगरून ठेवलेला कॅसिनो. ऑफिसची सहल असो, दोन-तीन कुटुंबांनी मिळून काढलेली असो की लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची असो, कार्यक्रमात एक रात्र बोटीची असतेच. आणि तिथे गेल्यावर होतं काय, तर पुरुषमंडळी टेबलांशी आणि आपण बायका जेवणापाशी! जेवण छान असतं, गाणीबजावणी असते, मुलांना खेळायला वेगळी खोली असते. आपण तिथे बसून रबडीत साखर जास्त पडलीय का याची चर्चा करतो आणि घरातला पैसा मात्र पलीकडे हिरव्या कापडावर फिरत असतो.

मला हे मुळीच पटत नाही. आमच्याच सहलीतल्या एका वहिनींना परतीच्या बसमध्ये कळलं, की मुलीच्या क्लासच्या फीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम रात्रीतून गेली. त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत, सावंतवाडी येईपर्यंत नुसत्या खिडकीबाहेर पाहात राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "अहो, पैसे गेले ते गेले. पण कसे गेले हेसुद्धा मला समजत नाहीय. हे सांगतात ते एक अक्षर कळत नाही." तेव्हाच ठरवलं, की हे खेळ नीट समजून घ्यायचे नि मैत्रिणींना सांगायचे. खेळा म्हणून नव्हे. दुधाचा रतीब नि वाण्याचं बिल आपण तपासतो, मग हाच हिशेब का सोडायचा?

आधी कायद्याचं थोडंसं. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ साली आपल्याकडे कॅसिनोंचा कायदा झाला होता खरा, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. गोव्यातही जमिनीवर, मोठ्या हॉटेलांतून, फक्त यंत्रांवरचे खेळ चालतात. माणसाने पत्ते वाटायचे ते टेबलाचे खेळ पाण्यावरच्या बोटीतच. म्हणून ही बोटीची यातायात! एकवीस वर्षांखालच्या मुलांना खेळाच्या दालनात सोडत नाहीत. गंमत म्हणजे १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांनाच तिथे खेळायला बंदी आहे. ज्या सरकारने आपल्या माणसांना दारातून परत पाठवलं, त्याच्या मनात काय असेल ते आपण ओळखावं.

ओळखपत्र जवळ लागतंच. प्रवेशाच्या पैशांत बहुतेक ठिकाणी जेवण आणि थोड्या चिप्स धरलेल्या असतात. चिप्स म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या रंगीत चकत्या. पण प्रवेशाबरोबर मिळणाऱ्या चिप्स बहुधा एकदाच खेळायच्या असतात, त्या परत देऊन रोख मिळत नाही. हे आधी विचारून घ्यावं. आणखी एक प्रश्न न लाजता विचारावा. "हजार रुपये दिले तर टेबलावर किती रुपयांच्या चिप्स हातात येतील?" कारण कॅसिनोवरचा जीएसटी १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे. तो जिंकण्यावर नाही, चिप्ससाठी भरलेल्या पैशांवर आहे. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर तो निराळाच!

आता टेबलाकडे वळू. सगळ्यांत गर्दी असते ती रूलेटला. मोठं फिरतं चाक, त्यावर ० ते ३६ असे आकड्यांचे सदतीस खण, अठरा लाल, अठरा काळे आणि शून्य तेवढं हिरवं. चाकात उलट्या दिशेने पांढरी गोळी सोडतात. ती ज्या खणात पडेल तो आकडा. समोरच्या कापडावर हेच आकडे छापलेले असतात, त्यावर आपली चिप ठेवायची. एकाच आकड्यावर ठेवलीत आणि तो आला, तर एकाला पस्तीस मिळतात. दोन आकड्यांच्या मधल्या रेघेवर ठेवलीत तर सतरा, चार आकड्यांच्या कोपऱ्यावर आठ, बारा आकड्यांच्या गटावर दोन आणि लाल-काळा किंवा सम-विषम यावर एकास एक. डीलरने "नो मोअर बेट्स" म्हटलं की कापडाला हात लावायचा नाही.

आता यात कॅसिनोचं पोट कसं भरतं ते बघा. समजा, तुम्ही सदतीस वेळा शंभर-शंभर रुपये सात या आकड्यावर लावलेत आणि सरासरीने सात एकदा आला. तुम्ही लावलेत ३,७०० रुपये. परत मिळाले पस्तीसशे नि तुमचे स्वतःचे शंभर, म्हणजे ३,६००. शंभर रुपये त्या हिरव्या शून्याने खाल्ले. हा झाला शेकडा २.७ रुपयांचा कट. काही चाकांवर एक शून्य आणि शिवाय दोन शून्यांचाही खण असतो. तिथे खण अडतीस, पण देणं तेच पस्तीस, म्हणजे कट सरळ ५.२६ वर जातो. म्हणून टेबलाशी उभं राहिल्यावर पहिल्यांदा शून्यं मोजा. भाजीवालीचा काटा बघतो तसं!

आणि २.७ म्हणजे काहीच नाही असं समजू नका. हा कट पर्समधल्या पैशांवर नसतो, प्रत्येक फेरीवर असतो. तासाला चाळीस फेऱ्या झाल्या आणि दर फेरीला पाचशे लावले, तर तासात वीस हजारांची उलाढाल होते. तिच्यावर सरासरी ५४० रुपये जातात, आणि दोन शून्यांच्या चाकावर हजाराच्या वर. पर्समध्ये पाच हजारच का असेनात, तेच पैसे पुन्हा पुन्हा कापडावरून फिरतात.

चाकाशेजारी एक पाटी लावलेली असते, तिच्यावर मागचे दहा-पंधरा आकडे दिसतात. ही पाटी म्हणजे मोठा मोह. "सहा वेळा काळा आला, आता लाल येणारच" असं शेजारचा माणूस अगदी खात्रीने सांगतो. मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, पण गणिताच्या बाई रजेवर असल्या की त्यांचा तास माझ्याकडे येतो. त्या तासाला आठवीच्या मुलांकडून मी नाणं उडवून घेतलं. पाच वेळा ओळीने छाप पडला की सगळा वर्ग "काटा, काटा!" म्हणून ओरडतो. पण नाण्याला बिचाऱ्याला आठवण कुठे असते? गोळीलाही नसते. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत ओळीने सव्वीस वेळा काळा आला. लोक दर खेपेला "आता लाल" म्हणत पैसे वाढवत गेले आणि पार धुऊन निघाले.

याचाच सख्खा भाऊ म्हणजे "दुप्पट करत जायचं" हा मंत्र. हरलात की पुढच्या वेळी दुप्पट लावा, एकदा तरी जिंकालच. आमच्या ह्यांच्या मित्रांत तो फार लोकप्रिय आहे. जरा कागदावर मांडून बघा. शंभर, दोनशे, चारशे, आठशे, सोळाशे, बत्तीसशे, चौसष्टशे. सात वेळा हरलं की १२,७०० रुपये गेले. आठव्या खेपेला १२,८०० लावायचे, आणि ते जिंकले तरी हाती नफा किती? शंभर रुपये! शिवाय प्रत्येक टेबलावर जास्तीत जास्त किती लावायचे याची मर्यादा लिहिलेली असते. ती का लिहिलेली असते ते आता लक्षात आलं असेल.

दुसरा खेळ ब्लॅकजॅक, आणि मला विचाराल तर सगळ्यांत अकलेचा. एकवीसच्या जवळ जायचं, पण ओलांडायचं नाही. दुर्रीपासून दश्शीपर्यंत पानाचं मोल त्याच्या आकड्याएवढं, गुलाम-राणी-राजा प्रत्येकी दहा आणि एक्का एक किंवा अकरा, सोयीप्रमाणे. तुम्हाला दोन पानं मिळतात, डीलरचं एक पान उघडं दिसतं. आणखी पान हवं तर बोटाने टेबलावर टकटक करायची, नको तर पंजा आडवा हलवायचा. तोंडाने सांगून चालत नाही, कारण वरून कॅमेरा बघत असतो. पानांना हात लावायचा नाही. एकवीसच्या वर गेलात की तुमचे पैसे लगेच गेले, मग डीलरही पुढे वर गेला तरी त्याचा तुम्हाला उपयोग नाही. कॅसिनोचा फायदा आहे तो एवढ्याच गोष्टीत, की आधी तुम्ही मरता!

डीलरला मात्र डोकं वापरण्याची मुभा नसते. सोळापर्यंत त्याला पान घ्यावंच लागतं, सतराला थांबावं लागतं. म्हणून त्याचं उघडं पान पाहून वागायचं. एक्का हातात नाही आणि तुमची बेरीज बारा ते सोळा आहे असं धरा. त्याची चौकी, पंजी किंवा छक्की असेल तर गुपचूप थांबा, कारण पंजी-छक्कीवर तो शंभरात चाळीसहून अधिक वेळा एकवीसच्या वर जातो. दुर्री-तिर्री असेल तर तेरापासून पुढे थांबा, बाराला मागा. सत्ती किंवा त्याच्या वरचं पान असेल तर सतरा होईपर्यंत मागत राहा, भीती वाटली तरी. दोन एक्के किंवा दोन अठ्ठ्या आल्या तर जोडी फोडून दोन डाव करावेत. दश्शा आणि पंज्या फोडू नयेत. बेरीज अकरा आणि समोर एक्का नसेल तर पैसे दुप्पट करावेत. डीलरला एक्का आला की "इन्शुरन्स घेणार का?" असं गोड आवाजात विचारतात. नको म्हणावं. त्याला दोनास एक मिळतात, पण दहाचं पान तेरात चारदाच येतं, तेव्हा तो सौदा तोट्याचाच. आपल्या आयुर्विम्याशी त्याचा काही संबंध नाही!

एवढं पाळलं तर चांगल्या नियमांच्या टेबलावर कॅसिनोचा कट शेकडा अर्ध्या रुपयावर येतो. पण टेबलावर काय छापलंय ते वाचा. एक्का आणि दहाचं पान पहिल्याच दोनांत आलं तर "३ ला २" मिळायला हवेत, म्हणजे हजाराला पंधराशे. जिथे "६ ला ५" लिहिलंय तिथे हजाराला बाराशेच मिळतात. तिथून उठावं.

तीन पत्ती आपल्या ओळखीची. दिवाळीत कुणाच्या ना कुणाच्या घरी असतेच. पण इथे ती बहुधा एकमेकांशी नसून कॅसिनोशी असते. आधी पैसे लावायचे, आपली तीन पानं बघायची आणि एक तर ती टाकायची नाही तर तेवढेच पैसे आणखी लावायचे. डीलरकडे निदान राणी नसेल तर त्याचा डाव धरत नाहीत. राणी-छक्की-चौकी किंवा त्याहून बरं असेल तर पुढे जावं, नाही तर पानं टाकावीत. थाप मारण्याचा काहीच उपयोग नाही, कारण समोर माणूस नसून नियम बसलेला असतो. बावन्न पत्त्यांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे डाव होतात. त्यातले १६,४४० नुसते फुटकळ, म्हणजे शंभरात चौऱ्याहत्तर वेळा हातात जोडीसुद्धा नसते. तीन सारखी पानं येणारे डाव अवघे बावन्न आणि एकाच रंगाचा क्रम त्याहूनही कमी, अठ्ठेचाळीस. तरी मान तीन सारख्यांनाच मोठा! हा अन्याय मला आजवर कुणी समजावून दिलेला नाही.

अंदर-बाहरमध्ये मधे एक पान उघडतात आणि मग एकदा आत, एकदा बाहेर अशी पानं टाकत जातात. तसंच पान ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकली. जिथे पहिलं पान पडतं ती बाजू शंभरात साडेएक्कावन्न वेळा जिंकते. पण कॅसिनोला ते तुमच्याआधी ठाऊक असतं, म्हणून अनेक टेबलांवर त्या बाजूला शंभराला नव्वदच देतात. बॅकारामध्ये तर काही ठरवायचंच नसतं. बँकर किंवा प्लेअर यातलं एक निवडायचं आणि बसायचं. बँकरवर जिंकल्यावर पाच टक्के कापले तरी कट शेकडा एकाच्या आसपास. फक्त "टाय"वर पैसे लावू नका. आठ पट मिळतात हे खरं, पण सरासरीने शेकडा चौदा रुपये जातात.

घरी सराव करायचा असेल तर चिंचोके घ्या. आम्ही तेच केलं. हे डीलर, मी आणि मुलगा खेळाडू, प्रत्येकी पन्नास चिंचोके. दीड तासाने ह्यांच्यासमोर ढीग आणि आमच्यापुढे तीन-चार उरलेले! दुसऱ्या रविवारी डीलर बदलला तर ढीग दुसरीकडे गेला. टेबलाची कुठली बाजू जिंकते हे मुलाने न सांगता ओळखलं.

सहलीला निघण्याआधी नवऱ्याशी रकमेचं बोलणं घरीच, चहाच्या वेळी करावं. नाटकाची तिकिटं काढतो तशी ती रक्कम परत न येणारी समजूनच वेगळ्या पाकिटात ठेवावी, आणि एटीएमचं कार्ड आपल्या पर्समध्ये असावं. मग जेवण आटोपलं की खुशाल टेबलाशी जाऊन उभं राहावं, शून्यं मोजावीत, नियमांची पाटी वाचावी. बायकांनी तिथे उभं राहू नये असा काही नियम नाही. निघताना उरलेल्या चिप्स काउंटरवर देऊन रोख घ्यायला विसरू नका, त्या घरी आणल्या तर मुलांच्या कॅरमलाच उपयोगी पडतील. धक्क्यावर परत यायला छोटी बोट असते, तिच्यासाठी रात्री उशिरा रांग लागते आणि नदीवरचं वारं बोचतं. जवळ एक शाल असू द्यावी.