न खोदता भट्टी कशी सापडली?

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. हेडफोन विसरला असाल तर वाचून काढा.

बीटेकनंतर मी फील्ड बदलायचं म्हटलं, की घरचे एकच विचारतात, "मग शिकलेलं सगळं वाया?" त्यावर मला मार्टिन एटकिन आठवतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात रडार अधिकारी, नंतर ऑक्सफर्डमध्ये अणुभौतिकी, आणि १९५७ साली हा माणूस थेट पुरातत्त्वाच्या प्रयोगशाळेत!

१९५८ मध्ये इंग्लंडमधल्या वॉटर न्यूटनजवळ महामार्गाचं रुंदीकरण होणार होतं. तिथे जमिनीखाली रोमन काळातल्या कुंभारांच्या भट्ट्या होत्या. पण नेमक्या कुठे? सगळं रान खोदायला ना वेळ होता, ना पैसा. आणि एकदा रस्ता झाला की विषय संपला.

आता गंमत बघा. मातीत लोहाचे कण असतात. भट्टीत माती लालबुंद तापून थंड झाली, की त्या वेळचं पृथ्वीचं चुंबकत्व त्या कणांत पक्कं बसतं. म्हणजे प्रत्येक जुनी भट्टी हा एक कमजोर लोहचुंबकच.

तो शोधायला एटकिनने प्रोटॉन मॅग्नेटोमीटर वापरला. त्याचं तत्त्व सोपं आहे. बाटलीभर पाणी, भोवती तारेचं वेटोळं. करंट सोडला की पाण्यातले किंचित जास्त प्रोटॉन एका दिशेला वळतात. करंट बंद केला की ते भोवऱ्यासारखे डोलतात, सेकंदाला साधारण २००० वेळा. चुंबकत्व वाढलं की हा वेगही वाढतो. शेतात ठरावीक अंतरावर आकडे घेत जायचं. जिथे आकडा एकदम उसळतो, तिथे खोदायचं.

भट्टी खरंच सापडली!

अर्थात, गंजका खिळा किंवा तारेचं कुंपणसुद्धा आकडा बिघडवतं. यंत्र फक्त 'इथे काहीतरी आहे' एवढंच सांगतं. काय आहे, ते पुरातत्त्वज्ञच ठरवतो. पण खोदकाम म्हणजे अनडू नसलेला डिलीट, एकदा उकरलेले थर परत रचता येत नाहीत. म्हणून आधी पाहणं महत्त्वाचं.

पुढे एटकिनने भाजलेल्या मातीचं वय काढण्याच्या पद्धतीवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९८३ साली तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. भौतिकशास्त्र त्याने कधी सोडलंच नव्हतं, फक्त प्रश्न बदलला होता.

आता घरी हेच सांगणार आहे. तुम्हाला कुठला प्रश्न खुणावतोय? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!